उत्तर कोपऱ्यातला भाडेकरू

१

त्या सोमवारी कोथरूडच्या 'कल्पतंतू सॉफ्टवेअर'मध्ये सगळे संगणक चालू होते आणि माणसं सगळी संडासाच्या रांगेत होती.

बंगल्यात संडास दोन आणि गिऱ्हाईकं अख्खी कंपनी. रांग जिना उतरून पार तुळशीवृंदावनापर्यंत गेली होती म्हणतात. एकेकाचा ताप असा, की कपाळावर पापड ठेवला तर फुलून वर यावा. अमेरिकेतून फोन खणखणत होते. जो उचलायचा तो "वन मिनिट सर" म्हणून असा पळायचा, की त्याचं ते मिनिट संपेपर्यंत तिकडे सूर्य मावळायचा. तिकडच्या साहेबाला वाटलं, पुण्यात संप झाला.

कंपनीचे मालक संजय सहस्रबुद्धे. हजार बुद्ध्या आडनावातच होत्या, पण त्या दिवशी एकही जागेवर नव्हती. पोटाला उशी आवळून ते पायरीवर बसले होते. बंगल्याचे मालक जयसिंगराव अंगणात उभे राहून वर बघत म्हणाले, "शुक्रवारी काय खाल्लं होतंत?"

"अंडाकरी," संजय कण्हले. "नवं सॉफ्टवेअर रवाना केलं ना, म्हणून पार्टी. बायडाबाईंच्या मेसमधून मागवली होती."

"मग झालं तर! अंडी. मी पहिल्यापासून सांगत होतो, आमच्या मेव्हण्याचं कँटीन लावा. स्टीलच्या ट्रेमध्ये देतो तो. पण आमचं ऐकतंय कोण?"

दुपारपर्यंत संजयनी आसपासच्या सगळ्या कंपन्यांना ईमेल धाडली. 'बावधनच्या बायडाबाईंच्या मेसपासून सावध राहा.' आयटीवाल्यांची ईमेल ती, वाऱ्यापेक्षा वेगाने पळाली. संध्याकाळी बायडाबाईंचे भरलेले डबे जसेच्या तसे परत आले.

२

आजारी लोकांचे नमुने तपासायला आले ते शनिवार पेठेत, आम्रपाली ओव्हाळच्या लॅबमध्ये. कुणी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत आणले होते, कुणी श्रीखंडाच्या डब्यात. एकाने तर डब्याला रिबीन बांधली होती. आम्रपाली जंतुशास्त्र शिकलेली, नाक जन्मतःच मुरलेलं. तिने शांतपणे रिबीन सोडली आणि कामाला लागली.

तेवढ्यात दारात एक धिप्पाड बाई उभी राहिली. नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, हातात झाकणाचा स्टीलचा डबा.

"जंतूची डॉक्टरीण कोन हाय हितं?"

"मीच. पण मी डॉक्टर नाही, बाई. नुसते जंतू ओळखते."

"मग बरूबर जागी आले. म्या बायडाबाई." तिने डबा टेबलावर आदळला. "त्येच अंडी, त्योच मसाला, त्येच पातेलं. म्या खाल्ली, माज्या घरादारानं खाल्ली. कुनाला साधी ढेकर बी आली न्हाई. तपासा."

आम्रपालीने झाकण उघडलं. वास असा सुटला, की शेजारच्या शाकाहारी सोनाराने दुकानातून मान बाहेर काढली.

"आणि निघाला जंतू, तर?"

"तर माजी चूल मीच मोडीन. पर तपासल्याबिगर कुनी मोडायची न्हाई." बायडाबाईंचा आवाज खाली आला. "सा बाया हायेत माज्याकडं पोळ्या लाटायला. दोघीस्नी नवरं न्हाईत. उद्याच्याला पीठ मळू नगा, आसं सांगू का त्यास्नी?"

आम्रपालीने डब्यावर चिठ्ठी चिकटवली आणि तो इतर डब्यांच्या ओळीत मांडला. बायडाबाईंना तेवढं पुरलं.

३

जंतूंना वाढायला वेळ लागतो. आंबोळीच्या पिठासारखे ते झाकून, ऊब देऊन ठेवावे लागतात. मग जंतू वाढवायच्या बशीत ठिपके उमटले, काचेसारखे, मधोमध काळी बाहुली. जणू माशांचे डोळेच वर टकमक बघताहेत.

"साल्मोनेला," तिने संजयना फोनवर सांगितलं.

"बघा! इंटरनेटवर हेच आहे. अंडी!" संजय म्हणाले. फोन लगेच जयसिंगरावांनी हिसकावून घेतला. "आणि मॅडम, ऐका. त्या बाईला मागे टायफॉइड झालेला. तो पण साल्मोनेलाच ना? काही माणसं बरी होतात, पण जंतू पित्ताशयात दडून बसतो आणि ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांना वाटत फिरतात. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं. आता बोला!"

डॉक्टरांनी सांगितलेलं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

"जयसिंगराव, साल्मोनेला हे घराणं आहे," आम्रपाली म्हणाली. "त्यात अडीच हजारांच्या वर भाऊबंद. कुलकर्ण्यांपैकी एकाने चोरी केली म्हणून समोर दिसेल त्या कुलकर्ण्याला धरता का तुम्ही?"

"एखाद्याला धरलंही असतं," जयसिंगराव म्हणाले. त्यांचा कुणा कुलकर्ण्यांशी जमिनीवरून वाद होता.

तिने नेहमीचे तीन संशयित एकेक करून बोलावले. पहिला टायफी, टायफॉइडवाला. तो फक्त माणसातच राहतो, सावकाश येतो, आठवडा दोन आठवडे दबा धरतो, मग ताप चढत चढत जातो. हा तर शुक्रवारनंतर लगेच आला होता, तोही जुलाब घेऊन. दुसरा एन्टेरायटिडिस, अंड्यात लपणारा. तिसरा टायफिम्युरियम, कोंबड्याबकऱ्यांपासून उंदरांपर्यंत कुठेही मुक्काम ठोकणारा. काचेच्या पट्टीवर जंतूचा थेंब घ्यायचा, त्यात त्या त्या भाऊबंदाला ओळखणारा द्रव घालायचा. माणूस तोच असला, तर फाटलेल्या दुधासारखे कण दिसतात.

पहिला थेंब गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. तिसराही.

आम्रपाली खुर्चीत मागे रेलली. अंडाकरीच्या बशीत तर काहीच उगवलं नव्हतं. पण जयसिंगराव म्हणणार, तपासायला चांगली करी आणली असेल. म्हणजे त्याने कुणाची सुटका होत नव्हती.

मग हा चौथा कोण? तिने जंतूची नळी बंद केली, उत्तर भारतातल्या मोठ्या प्रयोगशाळेला नाव विचारायला कुरियर केली, आणि स्वतः रिक्षाने कोथरूड गाठलं.

४

कल्पतंतूमध्ये माणसं आता खुर्चीवर बसू लागली होती. मात्र कडेवर, उठायच्या तयारीत. हातात मीठसाखरेच्या पाण्याच्या बाटल्या. बहुतेकांना तेवढंच औषध पुरलं होतं.

एचआरवाली ऋतिका पहिली. "मॅम, ॲक्च्युअली माझा उपास होता शुक्रवारी. संकष्टी. आईने मंडईतून आणलेली केळी आणि राजगिऱ्याचा लाडू. अंडाकरीकडे मी बघितलंसुद्धा नाही. बट मी सगळ्यात जास्त सिक!"

"बघितलं नाहीस म्हणून तर तुझा वाटा मला मिळाला," पलीकडून आवाज आला. तो बद्रीनाथ. बीडकडचा, मांडीएवढे दंड. अख्ख्या ऑफिसात ठणठणीत हा एकटा.

"तुम्ही किती अंडी खाल्लीत?"

"मोजायची असतात का अंडी? पातेलं वाजेपर्यंत खाल्ली."

आम्रपालीला हसू आलं. ज्याने पातेलं पालथं केलं तो धडधाकट, आणि जिने तोंडही लावलं नाही ती आडवी. अंडी सुटली म्हणायची.

"पाणी कुठलं पिता?"

"तेच, कूलरचं. चहा तोच, शिपाई साईनाथच्या हातचा."

"मग शुक्रवारी सगळ्यांनी केलं आणि तुम्ही केलं नाहीत, असं काय होतं?"

"मी? मी कधीच त्याला हात ला..."

संजय इतक्या जोरात खोकले, की बद्रीनाथचं वाक्य अर्ध्यात मोडलं.

"कशाला हात लावला नाहीत?"

"कोडला," बद्रीनाथ खाली बघत म्हणाला. "शेवटच्या दिवशी कोडला हात लावला नाही मी."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. कान लालबुंद झाले होते. आम्रपाली उठून हॉलभर हिंडली. उत्तरेच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, रिकामं. इतर टेबलांवर चहाचे कप, वायरी, बिस्किटांचे पुडे, आणि हे एकटं लखलखीत पुसलेलं. तरी लाकडावर परातीएवढा गोल डाग होता, आणि डागाच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ.

"इथे काय होतं?"

"फुलदाणी," संजय म्हणाले.

"प्लास्टिकची फुलं," त्याच क्षणी ऋतिका म्हणाली.

"प्लास्टिकच्या फुलांना पाणी घालता? फार काळजी घेता हो."

आम्रपाली पँट्रीत गेली. तिथे साईनाथ कप विसळत होता. बायडाबाईंचा थोरला तो, म्हणजे आईचे डबे बंद करणाऱ्या साहेबालाच हा रोज चहा नेऊन देत होता. फळीवर, साखरेच्या मागे एक बरणी होती. लेबल ओरबाडून काढलेलं. आत सुकी, इवलीइवली कोळंबी.

"माजी सुकट हाय ती," तो पटकन म्हणाला.

आम्रपालीने बरणी हलवली. कोळंबीतून हिरव्या गोळ्या वर आल्या. "सुकटीत या कशाला घालता?"

"चवीला," साईनाथ म्हणाला, आणि धुतलेला कप परत धुऊ लागला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बायडाबाईंचा निरोप आला. नात दवाखान्यात आहे.

साईनाथची अक्षता, नुकतं धरून उभं राहू लागलेलं लेकरू. ताप, जुलाब, रक्ताचे डाग. मोठ्या माणसाला जो आजार चार दिवस छळून सोडतो, तो असल्या तान्ह्याच्या रक्तात उतरू शकतो. डॉक्टरांनी सलाईन लावली होती आणि औषध सुरू केलं होतं.

आम्रपाली पोचायच्या आधीच जयसिंगराव तिथे पोचले होते. हातात केळी, चेहऱ्यावर दुःख, पण दुःखाच्या आत कुठेतरी समाधान. "घरातच रोग आहे, मॅडम. आता तरी पटलं ना?"

बायडाबाई बाकावर बसल्या होत्या. अंगाने तेवढ्याच, पण आज बाकाच्या कोपऱ्यात मावल्या होत्या. दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्या तळव्यांकडेच बघत होत्या.

"पोरी, खरं सांग. माज्या हातातच हाय का ग त्यो जंतू? ह्याच हातानं भात कालवून भरवते मी तिला."

ज्या बाईने टेबल हलेल असा डबा आदळला होता, तिचा हा आवाज. आम्रपाली शेजारी बसली आणि तिने ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले. जयसिंगराव एक पाऊल मागे सरले.

"बाई, गवताच्या घरात ठिणगी पडली तर आधी कुणाचं छप्पर जळतं? घरवाल्याचं की शेजाऱ्याचं?"

"घरवाल्याचं."

"रोग तुमच्या चुलीत असता, तर अक्षता आधी आजारी पडली असती, निदान ऑफिसच्या बरोबर. ती पडली नंतर. म्हणजे तो घरातून ऑफिसात गेला नाही, ऑफिसातून घरात आला. या आठवड्यात ऑफिसातून तुमच्याकडे काय आलं?"

"डबं आलं. पर ते म्या उकळत्या पान्यात घालते."

"आणखी?"

"आनि काय येनार? आमचा साईनाथ येतो रोजचा."

साईनाथ सलाईनच्या बाटलीकडे डोळे लावून उभा होता. आम्रपाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. काल रात्रीपासून डोक्यात फिरणाऱ्या वस्तू एका रांगेत येऊन बसल्या होत्या. परातीएवढं उथळ भांडं, शेवाळ, सुकी कोळंबी, पाण्यात टाकायच्या खाद्याच्या त्या हिरव्या गोळ्या. माशाला खोल पाणी लागतं. उथळ पाण्यात, दगडावर ऊन खात बसतो असा कोण? आणि त्या अडीच हजार भाऊबंदांतले कितीतरी जण माणसात राहतच नाहीत, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात सुखाने नांदतात.

"साईनाथ," ती हळूच म्हणाली, "तुझी सुकट खाणारं ते कासव कुठे आहे?"

६

साईनाथने बाटलीवरची नजर काढून आईकडे बघितलं.

"खाटंखाली हाय. घमेल्यात. साहेब बोलले, तपासनीस येतील, कासव ठेवल्याबद्दल धरतील, तर चार दिवस तुझ्याकडं ठेव. कुनाला बोललास तर नोकरी जाईल. मला काय ठावं मॅडम, आजार त्याचाच हाय म्हनून! म्या तर त्याला रोज ताजं पानी घालत हुतो."

"आणि अक्षता?"

"तिला लई आवडलं. घमेल्यात हात घालून बसायची." आणि मग स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ त्याला कळला, आणि तो गडी धाय मोकलून रडायला लागला.

बायडाबाईंनी मुलाकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता थोबाडीत बसणार. तो आवाज बावधनपर्यंत गेला असता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आईला चोर ठरवत हुते, आन तू कासव राखत बसला व्हय रं?" ते थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं.

तासाभरात आम्रपाली बावधनला, खाटेसमोर पालथी पडलेली. घमेल्यातून हिरवं, कानशिलावर तांबडा पट्टा असलेलं एक कासव तिच्याकडे बघत होतं. त्या बेट्याला ना ताप ना जुलाब. तिने हातमोजे चढवून पाण्याचा नमुना घेतला, कासवाच्या पाठीवरून कापूस फिरवला आणि खोलीतलं सगळं फिनेलने धुवायला लावलं.

"ह्याचं नाव काय?" तिने साईनाथला विचारलं.

"मॅनेजर. काम करत न्हाई, पर जो तो पुढं वाकतो, म्हनून."

७

कासवाच्या आणि अक्षताच्या बशांतही तेच ठिपके उमटले, त्यांच्या नळ्याही कुरियरने गेल्या, आणि उत्तर भारतातल्या प्रयोगशाळेचा फोन आला. आम्रपालीने तिकडून नाव लिहून घेतलं आणि थेट कल्पतंतूचा जिना चढली. बायडाबाई बरोबर होत्या. जयसिंगराव बोलावल्याशिवाय आले.

"आता सांगा," ती म्हणाली, "मॅनेजरपुढे वाकून तुम्ही नक्की करत काय होतात?"

बद्रीनाथने घसा खाकरला. "मॅडम, देवळात शिरताना दगडी कासव असतं ना? त्याला हात लावून हात कपाळाला. वास्तूवाला म्हणाला, उत्तरेला जिवंत कासव ठेवा, कंपनी वाढेल. पहिल्यांदा पोरं गंमत म्हणून हात लावायची. मग एकदा हात न लावता सॉफ्टवेअर पाठवलं आणि ते तिकडे पोचताच कोसळलं. तेव्हापासून नेमच झाला. सगळ्यांनी रांगेने हात लावायचा, पाण्यात बोट बुडवायचं, आणि..."

"आणि?"

"तीर्थ म्हणून जिभेला लावायचं," ऋतिका पुटपुटली. "शुक्रवारी मेजर रिलीज होती ना मॅम. मी तीनदा लावलं."

बायडाबाईंनी एकेकाकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाल्या, "शिकल्याली मान्सं. कासवाच्या हगण्याचं तीर्थ पिली, आन नाव माज्या अंड्याचं!"

"तुम्ही का नाही लावलंत, बद्रीनाथ?"

"माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर," बद्रीनाथ छाती काढून म्हणाला. आम्रपाली नुसती बघत राहिली. छाती हळूहळू आत गेली. "आणि मला कासवाची भीती वाटते. लहानपणी विहिरीत एकाने अंगठा धरला होता."

"आजारी माणसांतला जंतू, अक्षताच्या पोटातला जंतू आणि मॅनेजरच्या पाण्यातला जंतू, तिन्ही एकच," आम्रपाली म्हणाली. "अंडाकरीत नाही, बाईंच्या हातात नाही. बाईंनी आपण होऊन स्वतःचीही तपासणी करून घेतली. स्वच्छ. जंतूचं नाव आहे साल्मोनेला पूना."

जयसिंगराव ताडकन उठले. "पूना! म्हणजे इथलाच! बावधन पुण्यातच येतं!"

"बसा. इंग्रजांच्या अमदानीत हा पहिल्यांदा पुण्यातल्या एका लेकरात सापडला, म्हणून कागदावर पूना लागलं. तेव्हापासून जगभर हिंडतोय. त्याला कासवं फार मानवतात. इतकी वर्षं बाहेर राहून नाव तेवढं पुण्याचं लावतो."

"म्हणजे अस्सल आमच्यातलाच," संजय ओशाळं हसले. आम्रपाली हसली नाही.

"संजयराव, कासव ठेवलंत हा मूर्खपणा. तो माफ. पण कासव लपवलंत, आणि ते लपावं म्हणून एका बाईची चूल विझू दिलीत. आधीच सांगितलं असतंत, तर ते बाळाच्या घरी गेलंच नसतं."

संजयनी मान खाली घातली. तपासनीस हे निमित्त; अमेरिकेतला साहेब येणार, त्याला आपली कंपनी कासवाच्या भरवशावर चालते असं कळू नये, एवढीच भीती होती त्यांना. त्या एवढ्याशा भीतीने केवढं केलं होतं! ते जागेवरून उठले आणि सगळ्यांच्या देखत, पहिली ईमेल जिथे जिथे गेली होती तिथे तिथे दुसरी लिहायला बसले. कासव लिहिलं, तीर्थही लिहिलं. चूक कुणाची हे लिहिताना मात्र बोटं थबकली.

"ल्ह्या," बायडाबाई म्हणाल्या. "मला वाचाया येत न्हाई, पर तुमचं त्वांड वाचाया येतं."

त्यांनी लिहिलं. पाठवलं. ही ईमेल पहिलीपेक्षाही जोरात पळाली. कासवाचं तीर्थ पिणारी कंपनी म्हणून पोरं पार हिंजवडीपर्यंत हसली.

अक्षता चार दिवसांनी घरी आली. आल्या आल्या तिने वरणभाताची वाटी उलटी केली, म्हणजे बरी झाली. मॅनेजरची बदली कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात झाली, जिथे त्याला हात लावायला काच आडवी येते. सहा जणींनी पुन्हा पीठ मळलं, आणि मळता मळता अशी काही गाणी म्हटली, की बावधनची कोंबडी त्या आठवड्यात दिवसातून दोनदा अंडी घालत होती म्हणे.

शुक्रवारी डबे घेऊन बायडाबाई स्वतः आल्या. कल्पतंतूच्या दारात स्टूल टाकून बसल्या. एका बाजूला अंडाकरीचं पातेलं, झाकण लावलेलं. दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली आणि साबणाची अख्खी वडी.

"हात धुतल्याबिगर झाकान उघडनार न्हाई. मगाशीच संडासात जाऊन आलेल्यानं दोनदा."

रांग लागली, मुकाट. ऋतिका, मग बद्रीनाथ, मग बाकीचे. शेवटी, मेव्हण्याच्या कँटीनचं नाव न काढता, जयसिंगरावही. आम्रपाली पायरीवर बसून बघत होती. तिला आज जेवायचं आवतण होतं.

संजयनी हात धुतले, झटकले आणि ताट पुढे केलं. बायडाबाईंनी त्यांचा पंजा धरून उजेडात उलटापालटा केला.

"साहेब, नखं."

संजय सहस्रबुद्धे निमूटपणे बादलीकडे परत गेले. बायडाबाई पातेल्यावर हात ठेवून, सगळ्या रांगेला थोपवून, त्यांची नखं घासून होईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी झाकण उचललं.